स्किझोफ्रेनिया : गोळीही हवी, बोलणंही हवं

एखादा तरुण मुलगा एकटाच बडबडतो, घरच्यांवर संशय घेतो, जेवणखाण सोडतो. लोक म्हणतात, "बाहेरचं काहीतरी आहे." मग अंगारे-धुपारे सुरू होतात आणि वेळ निघून जातो. खरं तर हा मेंदूचा आजार असू शकतो. त्याचं नाव स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता. 'देवराई' (2004) चित्रपटातल्या शेषला हाच आजार होता.

आता औषधांचं काम पाहू. मेंदूतील डोपामिन या रसायनाचा परिणाम औषधं आटोक्यात आणतात. त्यामुळे कानात येणारे आवाज, भास, संशय कमी होतात. पण सुटलेलं कॉलेज, तुटलेली मैत्री, गेलेला आत्मविश्वास गोळीने परत येत नाही. ताप उतरला की मूल शाळेत येतं, पण बुडालेला अभ्यास भरून काढायला आपल्याला त्याच्याजवळ बसावंच लागतं ना? तसंच हे आहे.

बोलण्याचा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. "मनातून काढून टाक" म्हणून काही निघत नाही. समुपदेशक विचारतात, "आवाज कधी येतो? तेव्हा तू काय करतोस? शेजारी हसले, त्याचं दुसरं काही कारण असेल का?" हळूहळू रुग्ण स्वतःचे विचार स्वतः तपासायला शिकतो.

अमेरिकेत 21 राज्यांतील 34 केंद्रांत 404 रुग्णांवर 2 वर्षे अभ्यास झाला. निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला प्रत्येकाला मानवतील अशी औषधं, समुपदेशन, कुटुंबाला मार्गदर्शन आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत असं सगळं एकत्र दिलं. दुसऱ्या गटातले रुग्ण उपचारांत जास्त काळ टिकले, त्यांची लक्षणं आणि रोजचं जगणं जास्त सुधारलं. ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले, त्यांना फायदा अधिक झाला.

म्हणून लक्षात ठेवा :

1. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. आजार उलटू शकतो.
2. झोप, वजन, हातांची थरथर असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, औषध किंवा डोस बदलता येतो.
3. रुग्णाशी वाद घालू नका. त्याची भीती ऐकून घ्या.
4. कुणाला विचारावं कळत नसेल, तर 'टेलि-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. आणि परत आल्यावर त्याच्याशी बोलत राहा.