ग्राफिक्स कार्ड ८० अंशांवर : काळजी करावी का?

प्रश्न : नवीन ग्राफिक्स कार्ड गेम खेळताना ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ते बिघडलंय का?

उत्तर : नाही, निर्धास्त राहा. उष्णता बाहेर पडते ती तापमानातल्या फरकाच्या जोरावर. खोली ३५ अंशांवर असेल आणि चिप ५५ वर, तर फरक फक्त २०. तीच चिप ८० वर गेली की फरक ४५ होतो, आणि पंखा तेवढ्याच वेगाने फिरूनही दुपटीहून जास्त उष्णता काढून नेतो. आरटीएक्स ४०९० हे कार्ड साडेचारशे वॅटपर्यंत वीज घेतं. ते ५५ वर ठेवायचं तर पंख्यांचा घोंगाट सोसवणार नाही. म्हणून कार्ड तापमानाच्या मर्यादेच्या आत राहून चिपचा वेग वाढवत नेतं, मर्यादा आली की स्वतःच तो कमी करतं. २०१३च्या रेडिऑन आर९ २९०एक्स कार्डला तर ९५ अंशांवर चालण्यासाठीच बनवलं होतं.

मला खरी काळजी वाटते धुळीची. कॅबिनेट उघडून हीटसिंकच्या पात्यांमध्ये टॉर्च मारून बघा; करड्या लोकरीसारखा थर दिसला तर मऊ ब्रशने झाडा, पंखा बोटाने धरून. पूर्वी ७२ वर असणारं कार्ड तोच गेम खेळताना ८५ दाखवू लागलं, तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे न्या.