माणूस जन्मभर वाढतो



अंगणवाडीच्या काट्यावर बाळाचे वजन केले, तक्त्यावर टिंब दिले, की वाढ मोजली असे आपण म्हणतो. ते मोजणे गरजेचेच आहे. पण उंची अठरा-वीस वर्षांत थांबते. माणसाची वाढ तिथे थांबत नाही. पंचविशीतली सून, पंचेचाळिशीतली धुणीभांडी करणारी बाई, पंचाहत्तरीतले आजोबा, हे सगळे वाढतच असतात. नाहीतर त्यांची वाढ कुणीतरी अडवलेली असते. या अंकात हाच पाठ घेऊ.

आठ टप्प्यांचा नकाशा

एरिक एरिक्सन हे मानसशास्त्रज्ञ १९०२ मध्ये जर्मनीत जन्मले. आपला जन्मदाता बाप कोण, हे त्यांना कधीच कळले नाही. ज्यूंच्या शाळेत ते गोरे-उंच दिसतात म्हणून मुले चिडवत, तर दुसऱ्या शाळेत ज्यू म्हणून चिडवत. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी आपले आडनावही स्वतःच घेतले. 'मी कोण?' हा प्रश्न लहानपणापासून टोचत असलेल्या या माणसाने १९५० मध्ये 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या पुस्तकात आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसाला एक प्रश्न सोडवावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. वये अंदाजे धरावीत.

१. जन्म ते दीड वर्ष: विश्वास. रडलो तर कुणी येते का? पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर दुधासोबत वरचे अन्न, आणि हाक मारल्यावर मिळणारा प्रतिसाद, यातून बाळ जगावर भरवसा ठेवायला शिकते.

२. दीड ते तीन: स्वतःचे स्वतः. सांडत का होईना, हाताने जेवू द्या. शी-शू कपड्यात झाली म्हणून मारले, तर मूल स्वच्छता शिकत नाही, लाज शिकते.

३. तीन ते सहा: पुढाकार. खेळ, प्रश्न, उद्योग. 'गप्प बस' हे शब्द सतत ऐकणारे मूल विचारणेच सोडते.

४. सहा ते बारा: मला जमते. या वयात शाळा, शिक्षक आणि बरोबरीची मुले ठरवतात की मुलाला कामाची गोडी लागणार, की मनात न्यूनगंड बसणार.

५. किशोरवय: मी कोण? शरीर बदलते, पाळी येते, आवाज फुटतो. जात, आडनाव, रंग यांचे अर्थ याच वयात खोल लागतात.

६. तरुणपण: जवळीक. स्वतःला न हरवता दुसऱ्याच्या जवळ जाता येते का? लग्न, मैत्री, सहकारी हे सगळे यात आले.

७. मध्यम वय: पुढच्या पिढीची जपणूक. आपली पोरे तर आहेतच, पण वस्तीतल्या पोरांसाठी काही करतो का? नसेल तर माणूस साचून राहतो.

८. म्हातारपण: जगलो ते सार्थक झाले का? उत्तरातून समाधान येते, नाहीतर कडवटपणा.

एरिक्सन गेल्यावर त्यांच्या पत्नी जोन यांनी नव्वदी ओलांडलेल्या वयात नववा टप्पाही लिहिला. अगदी उतारवयात शरीर साथ सोडते तेव्हा पहिलाच प्रश्न पुन्हा येतो: हाक मारली तर कुणी येईल का? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची बेल ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

नकाशा आपल्या वस्तीत लावताना

या नकाशात एक उणीव आहे. प्रत्येकाला प्रत्येक टप्प्यासाठी पुरेसा वेळ मिळतो, असे तो गृहीत धरतो. आपल्याकडे तसे नाही.

दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येतात. फडाच्या कडेला आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असते. तिचे वय चौथ्या टप्प्याचे, पण काम सातव्या टप्प्याचे. शाळेत 'मला जमते' हे शिकण्याचे तिचे महिने दरवर्षी कापले जातात.

शरीराचेही तेच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके गाजले की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी साधारण ४५ ते ५५ या वयात जाते. तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम येतात: अंगातून वाफा, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे. म्हणजे तिशीतल्या बाईला शरीराने पन्नाशीत ढकलले जाते. म्हणून अंगावरून पाणी जाणे, पोटात दुखणे एवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितले, तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरी गोष्ट अपमानाची. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि नळाला स्वतः हात लावता येत नसे. एरिक्सनच्या भाषेत हा चौथ्या टप्प्यावरचा थेट घाव. तरीही ते मूल पुढे कोलंबिया विद्यापीठात पोचले. यात त्यांची जिद्द मोठी आहे, पण घरात पुस्तक आणून देणारे वडीलही होते आणि पुढे मिळालेली शिष्यवृत्तीही होती. जिद्दीला आधार लागतो.

हा आधार कसा उभा करतात, हे आपल्या कोल्हापूरने दाखवले आहे. शाहू महाराजांच्या काळात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले, तेव्हा बाबासाहेब अजून तिशीतही नव्हते. एका मोठ्याने तरुणाला दिलेली ही जागा म्हणजे सातव्या टप्प्याचे उत्तम उदाहरण.

सुटलेला टप्पा भरून निघतो का?

निघतो. एरिक्सनचेही म्हणणे असे की जुने प्रश्न पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी उत्तर बदलण्याची संधी मिळते.

१९२३ मध्ये महूद येथे जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांनी शिक्षिका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. १९८६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकानात पुडी बांधायला आलेल्या रद्दीतून वाचनाची भूक भागवली आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे 'जिणं आमुचं' लिहिले. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथे साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाटी घेऊन बसल्या. 'मला जमते' हा सहाव्या वर्षी हुकलेला धडा त्यांनी सत्तरीत गिरवला.

घरात आणि वस्तीत काय करावे

• बाळ आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षात चालत नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'घराण्यातच उशीर आहे' म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करते, पुढचे उपचार मोफत आहेत.

• पाळी आलेल्या मुलीची शाळा बंद करू नका. मुलगा असो की मुलगी, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायला लावा. रक्त कमी असेल तर अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण मुलीला आळशी म्हणतो.

• स्पर्धा परीक्षेत वर्षे घालवलेल्या तरुणाला रोज 'निकालाचे काय?' विचारू नका. ओळख म्हणजे फक्त पोस्ट नव्हे. झोप, भूक उडाली, तो मरणाचे बोलू लागला, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येते.

• तिशीनंतर प्रत्येकाने बीपी आणि साखर तपासावी. उपकेंद्रात पैसे लागत नाहीत. बाईचे आजारपण पाळी गेल्यावर 'आता वयच झाले' म्हणून झटकू नका.

• म्हाताऱ्या माणसाला औषधाच्या डब्याबरोबर कामही द्या: नातवाचा अभ्यास, वस्तीच्या जुन्या आठवणी सांगणे. आजोबा एकाएकी गप्प झाले, विसरू लागले, तर म्हातारचळ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य असेल तर उपचार होतात.

गटात चर्चेसाठी

महिला मंडळात किंवा विहारात हा पाठ वाचून झाल्यावर प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे सांगावीत. माझा कोणता टप्पा हुकला? तो कुणी अडवला: गरिबीने, जातीने, नवऱ्याने, की आजाराने? आणि आज माझ्यामुळे घरातल्या कुणाचा टप्पा अडतो आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत अवघड जाते. पण ते सापडले, तर त्यावरचा उपाय बहुधा आपल्याच हातात असतो.