मिनिटाला किती नोट्स, ते विचारू नकोस

टेक्निकल डेथ मेटलचा नवा अल्बम हातात आला की पहिलं ऐकणं हिशेबात धरायचंच नाही, हे आधी ठरवून टाक. पहिल्या फेरीत माणूस नुसता दिपून जातो. ड्रमर काय हाणतोय, गिटारवाल्याला बोटं किती आहेत, यातच सगळं लक्ष अडकतं. त्या भरात लिहिलेलं परीक्षण पुढं आपलं आपल्यालाच वाचवत नाही. तू आता परीक्षणं लिहायला लागली आहेस, तर मामाच्या चार गोष्टी कानात ठेव. पटतील त्या घे.

तुझे पणजोबा एखाद्या गवयाबद्दल म्हणायचे, ‘तयारी आहे, पण गाणं नाही.’ या प्रकारातल्या निम्म्या अल्बमांना तेवढं एक वाक्य पुरतं. म्हणून ऐकून झाल्यावर लगेच लिहायला बसू नकोस. जेव, भांडी घास, कुणाशी तरी फोनवर बोल. मग बघ, एखादा रिफ तोंडात येतोय का. एकही येत नसेल तर अल्बम कितीही अवघड असो, त्यात काहीतरी कमी आहे. नेक्रोफेजिस्टचा ‘एपिटाफ’ २००४ साली आला आणि पुढच्या पोरांनी त्यातला वेग आणि स्वीप तेवढे उचलले. बँडचा गिटारवादक मुहम्मद सुइचमेझ आपला मूळ रिफ किती वेळा आणि कुठे परत आणतो, हे फार थोड्यांनी पाहिलं. त्यातल्या ‘ओन्ली ॲश रिमेन्स’मध्ये प्रोकोफिएव्हच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधली प्रसिद्ध धून येते. एकदा ओळखलीस की पुन्हा विसरणार नाहीस. (तिसरा अल्बम येणार, येणार असं ऐकता ऐकता आमचे केस पिकले, तो भाग वेगळा.)

रिफ परत येतो की नाही, हे पायाने बघायचं. ठेका धर, मात्रा मोज. सात असोत, नऊ असोत, अकरा असोत, आवर्तन कुठे पुरं होतं ते सापडलं पाहिजे. काही बँडांचं गाणं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं असतं, प्रत्येक रिफला दोन मिनिटं रंगमंचावर यायला मिळतात, टाळ्या पडतात आणि पुढचा येतो. अशा गाण्यात पाय चुकला तर दोष पायाचा नाही.

आता बेस. तू स्वतः बेस वाजवतेस, म्हणून हे जास्त सांगतो. तिसऱ्या फेरीला बाकी सगळं सोडून फक्त बेसच्या मागे जा. तो गिटारची सावली धरून चालतोय की त्याला स्वतःचं काही म्हणायचंय? एथिस्टचा १९९१चा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ घे. त्यातला बेस रचला रॉजर पॅटरसनने. पण रेकॉर्डिंगच्या आधीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत, तो व्हॅनच्या अपघातात गेला आणि त्याचे भाग टोनी चोयने वाजवले. गिटार एका दिशेने जाते, बेस मध्येच वर उसळून तिला आडवा जातो आणि ठेक्यावर दोघं पुन्हा भेटतात. बेस काढून घेतलास तर ती गाणी उभीच राहणार नाहीत. टेक्निकल म्हणायचं ते याला.

पण बेस ऐकू आला नाही म्हणून वादकाला दोष देऊ नकोस, आधी मिक्स तपास. त्याच १९९१ साली डेथचा ‘ह्यूमन’ आला. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात मॉरिसाउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालेला. त्यावर स्टीव्ह डिजॉर्जियो बेस वाजवतो आणि मूळ मिक्समध्ये तो जवळजवळ गाडला गेलाय. आम्ही तर कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटीवर ऐकला. त्यात बेस सोड, झांजांचाही नुसता फुसफुसाट. २०११ साली जिम मॉरिसने नव्याने मिक्स केलेली आवृत्ती निघाली आणि तो बेस वर आला. एकाच गाण्याच्या दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐक, हेडफोन लावून. वादन कुठे संपतं आणि मिक्स कुठे सुरू होतं, हे कळायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

ड्रमबद्दल लोक फार भांडतात. ट्रिगर म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे: ड्रमला सेन्सर लावायचा, काठीचा किंवा पेडलचा ठोका पडला की आधी साठवलेला आवाज वाजतो. त्यात पाप काही नाही. खाली ट्यून केलेल्या गिटारींच्या गदारोळात इतक्या जलद डबल बासचा प्रत्येक ठोका एरवी वेगळा ऐकूच येत नाही. तक्रार करायची ती सगळे ठोके एकाच वजनाचे केले असतील तर, आणि संगणकावर ओढून ओढून ग्रिडवर बसवले असतील तर. ‘ह्यूमन’ सुरू होतो तिथे शॉन रेनर्टचे ड्रम लांबून हळूहळू जवळ येतात. ती पहिली काही सेकंदं पुन्हा पुन्हा ऐक. कुठला ठोका दाबून पडलाय, कुठला सुटा, ते कळायला लागेल. उलट नेक्रोफेजिस्टच्या १९९९च्या ‘ऑनसेट ऑफ प्युट्रिफॅक्शन’वर ड्रमर नाहीच, मशीन आहे. तरी अल्बम टिकला, रिफवर टिकला. तेव्हा मशीन म्हटलं की नाक मुरडायचं, असं सरसकट करू नकोस.

शंका आलीच तर गाणं फोनवर अर्ध्या वेगाने लाव. आजकाल सोपं आहे. अर्ध्या वेगातही चाल चाल वाटली तर रचना पक्की. नुसती पट्टीवर वरखाली धाव दिसली तर समजून घे.

संथ गाणं मात्र न चुकता बघ. वेगात खूप काही लपतं, संथ गाण्यात काही लपत नाही. क्वेबेकच्या गोरगट्सचा ‘ऑब्स्क्युरा’ (१९९८) पहिल्यांदा ऐकशील तेव्हा गिटारी बेसूर आहेत असं वाटेल. तारा खरवडल्यासारखे, किंकाळी फुटल्यासारखे आवाज. घाई करू नकोस, आठवडाभर ठेव. त्यात ‘क्लाउडेड’ नावाचं नऊ मिनिटांच्या वरचं एक गाणं आहे, अगदी रेंगाळत चालणारं. ते नीट ऐकलं की तो बेसूरपणा किती मोजूनमापून केलाय ते दिसतं. गोरगट्सच्या ल्यूक लमेने रचनाशास्त्र आणि व्हायोला शिकून घेतलं होतं. २०१३च्या ‘कलर्ड सँड्स’वर तर त्याने मध्येच निव्वळ तंतुवाद्यांची एक रचना घातली. सफोकेशनचंही तसंच. ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ सगळे ड्रमच्या सुसाट ब्लास्टसाठी ऐकतात, मी त्यातले जड, थांबून थांबून पडणारे भाग ऐकायला जातो.

गायकीवर फार शाई खर्चू नकोस. शब्द कळले नाहीत, ही तक्रार या संगीताबद्दल करायची नसते. शब्द ठेक्यात कसे बसलेत ते बघ. व्हँकुव्हरच्या आर्चस्पायरचा गायक अक्षरं फेकतो ती जवळपास ड्रमसारखी. त्यांच्या ‘ब्लीड द फ्यूचर’ला २०२२ साली कॅनडाचा जुनो पुरस्कार मिळाला. अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास. या प्रकाराला तेवढंच माप शोभतं. तास-तासभराचा अल्बम आला तर दोन बैठकींत ऐक, कान थकला की सगळंच सारखं वाटतं आणि बँडवर विनाकारण अन्याय होतो.

श्रेयनामावली वाचल्याशिवाय कुणाच्या वादनाची स्तुती करू नकोस. मुंबईच्या साहिल मखिजाने डिमनस्टीलर या नावाने केलेल्या ‘धिस बर्डन इज माइन’वर (२०१६) ड्रम नाइलच्या जॉर्ज कोलियासचे आहेत. असे अल्बम अनेक असतात, वादक वेगवेगळ्या देशांतून आपापले भाग पाठवतात. तिथे गाण्याची मापं वेगळी लावायची नाहीत, पण ‘बँड एकत्र किती छान श्वास घेतो’ असलं काही लिहून हसं करून घ्यायचं नाही.

आणि ओळखीच्या पोरांचा अल्बम आला, की तिकीट काढून त्यांचा कार्यक्रम आधी बघून ये. सोलो रेकॉर्डिंगवर जसा आहे तसा स्टेजवर निघतो का, निघत नसेल तर ते काय करतात, ते बघ. मग लिही. चहा त्यांच्या पैशांनी पिऊ नकोस.