वर्ग पाड्याचा, मदत आपली

ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकाजवळ राहणारे आम्ही काही जण शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर चालणाऱ्या अभ्यासवर्गाला हातभार लावतो. वर्ग पाड्याचा आहे आणि मदत आमची. हा क्रम उलटला की असं काम टिकत नाही. तिथे जे शिकलो ते असं.

१. आधी दिवाळीनंतरचं बघा.
इथली मुलं शाळेला कंटाळून गळत नाहीत, त्यांचं घरच हलतं. भातकापणी उरकली की कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. अडीअडचणीला मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. थोरली पोर सोबत जाते, कारण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवं. त्यामुळे पाड्यावरचं सगळ्यात मोठं काम वह्या वाटण्याचं नव्हतंच. कोणत्या आजीकडे कोणाची मुलं राहतील, त्यांच्या जेवणाचं काय, आजारी पडली तर कोण बघणार, हे ठरवायचं होतं. ते बायकांनी अंगणात बसून ठरवलं. धान्य आईबापांनी ठेवलं, तेल-डाळ आम्ही पोचवली आणि काही मुलं शाळेत राहिली. हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे. पण मुलांची यादी करायची, तर कुटुंबं गावात असतानाच करावी लागते.

२. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावं.
हे आपल्या भागाला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. तेव्हा तो मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा त्यांनी ती पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पुढे विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरच्या झोपड्यांशेजारी, म्हणजे भोंग्यांशेजारी, भोंगाशाळा भरवल्या. मुलांच्या दिनक्रमाकडे पाहून शाळेची वेळ आणि जागा ठरवणं, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

३. शिकवणारी गावातली असावी.
आमच्या वर्गावर पाड्यातलीच बारावी झालेली मुलगी शिकवते. पुस्तकातलं वाक्य अडलं की ती ते कातकरी बोलीत सांगते आणि मुलांचे चेहरे खुलतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली, पण साठीपुढच्या आज्यांना अक्षरं गिरवायला शिकवलं ते गावातल्याच एका सुनेने. आज्यांना तिच्यासमोर चुकायला संकोच वाटत नव्हता.

४. समितीची सभा मजुरीच्या वेळेत ठेवू नका.
शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं सांगितलं आहे. पण भरदुपारी सभा ठेवली, तर एका सहीसाठी आईचा रोज बुडतो. आमच्याकडे सभा संध्याकाळी होऊ लागली आणि आया बोलू लागल्या. त्यांचा पहिला प्रश्न मुलींच्या शौचालयातल्या पाण्याचा होता.

५. वस्तूंपेक्षा मानधन द्या.
जूनमध्ये दप्तरं वाटायला पुष्कळ जण येतात. जानेवारीत शिकवणाऱ्या मुलीचं मानधन थकलं की फारसं कोणी विचारत नाही. वर्ग चालतो तो त्या मानधनावर.

खोपटच्या, नौपाड्याच्या, डोंबिवलीच्या वाचकांना म्हणून एक विनंती आहे. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्याशी तुमची ओळख असेल, तर यंदा दिवाळीच्या आधी तिथे जा. गावकऱ्यांसोबत बसून स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी करा, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं शिक्षण हमी कार्ड त्यांना शाळेकडून मिळालंय का ते बघा आणि शिकवणाऱ्या एखाद्या मुलीचं वर्षभराचं मानधन उचला.