एक संसार, दोन चुली

कितीतरी जोडप्यांचं असंच आहे. तो कामासाठी वर्तकनगरला, चौघांत खोली घेऊन. ती मुलांसह शहापूरकडच्या गावी. पगार एक, चुली दोन! महागाईत भागवायचं कसं?

पगार झाला की दोघांनी वही घेऊन बसावं. भाडं, किराणा, एसटी, शाळा, उधारी. टपरीवरचा चहा-तंबाखू दादा लोक लिहीतच नाहीत, तोही लिहा.

प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर जानेवारी २०२३ पासून माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते. कार्डाला आधार जोडलेलं असेल तर, दादा, तुमच्या वाट्याचं धान्य ठाण्याच्या रेशन दुकानातही अंगठा लावून उचलता येतं. उरलेलं वहिनी गावात घेतील.

पुढचं मूल कधी, हेही त्याच वहीसमोर बोला. पाळणा लांबवायचा असेल तर सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात, हवी तेव्हा काढूनही देतात.