घडीचे रहस्य

मनुष्याच्या एका पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. त्यांतील डीएनएचे धागे टोकाला टोक लावून सरळ पसरले, तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरते. एवढा लांब धागा पेशीच्या केंद्रकात मावतो. आणि ते केंद्रक तर सुमारे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढेच असते! ही किमया घडीची आहे.

परंतु ही घडी केवळ जागा वाचवण्यासाठी नसते. नऊवारी लुगडे पसरले असता त्याच्या दोन टोकांवरील बुट्टे एकमेकांपासून दूर दिसतात. घडी घालताच तेच बुट्टे एकमेकांवर येतात. डीएनएतही असेच घडते. जनुकाचे कार्य सुरू करणारा भाग पुष्कळदा त्या जनुकापासून लाखो अक्षरे दूर असतो. घडीमुळे दोघे जवळ येतात आणि जनुक कामाला लागते.

ही घडी बिघडली तर काय होते? काही कुटुंबांतील माणसांची बोटे जन्मतःच आखूड, जोडलेली किंवा संख्येने अधिक होती. बर्लिन येथील स्टेफान मुंडलॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याचे कारण दाखवून दिले. डीएनएचा काही भाग गळाल्यामुळे, उलटल्यामुळे किंवा दुणावल्यामुळे दोन शेजारच्या घड्यांमधील सीमा बिघडली होती. त्यामुळे एका जनुकासाठी असलेला आदेश भलत्याच जनुकाला पोचला आणि बोटांची वाढ विकृत झाली.

मानवी डीएनएतील सुमारे ३०० कोटी अक्षरांचा क्रम वाचण्याचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. तथापि अक्षरे कळली म्हणजे घडी कळली असे नव्हे. २००९ साली एरेझ लिबरमन-एडन, योब डेक्कर आदी शास्त्रज्ञांनी अमेरिकेत ‘हाय-सी’ नावाची पद्धत सिद्ध केली. तीत धाग्याचे जवळ आलेले भाग रसायनाने जागच्या जागी पक्के करतात, धागा कापतात आणि शेजारची टोके जोडून ती वाचतात. कोणता भाग कोणाजवळ आहे, याचा नकाशा अशा रीतीने तयार होतो. हे काम मात्र खर्चाचे व कष्टाचे आहे.

येथे संगणक साहाय्याला आला. जेफ्री फ्यूडनबर्ग, डेव्हिड केली व कॅथरिन पोलार्ड यांनी २०२० साली ‘अकिता’ नावाची संगणकीय प्रणाली जगापुढे मांडली. ती ‘डीप लर्निंग’ म्हणजे सखोल शिक्षण या पद्धतीवर आधारलेली आहे. तिला सुमारे १० लाख अक्षरांची ओळ द्यावयाची आणि तिने घडीच्या नकाशाचा अंदाज करावयाचा. अंदाज खऱ्या नकाशाशी ताडून चूक दुरुस्त करावयाची. असे असंख्य वेळा केल्यावर प्रणाली शिकते. तिची परीक्षाही घेण्यात आली. त्यासाठी नकाशाचे काही भाग तिच्यापासून मुद्दाम दडवून ठेवले होते.

या प्रणालीचा मोठा लाभ असा, की एखादे अक्षर बदलले किंवा एखादा भाग गळाला तर घडी कशी बदलेल, हे तिला विचारता येते. रोग्याच्या डीएनएत अनेक बदल आढळतात; त्यांतील कोणते बदल आधी तपासावेत, हे ठरवण्यास तिच्या उत्तराची मदत होऊ शकते.

तरीही अंदाज तो अंदाजच. त्वचेच्या आणि मेंदूच्या पेशींत अक्षरे बहुतांशी तीच असतात, पण घडी काही ठिकाणी वेगळी असते. केवळ अक्षरे वाचणाऱ्या प्रणालीला हा भेद ओळखणे अवघड जाते. म्हणून संगणकाने सुचवलेले उत्तर शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पारखून घेतात आणि मगच त्याचा स्वीकार करतात.

स्वाध्याय
१. लुगड्याच्या घडीचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
२. सीमा बिघडल्यामुळे बोटांची वाढ विकृत का झाली?
३. ‘अकिता’ची परीक्षा घेताना नकाशाचे काही भाग का दडवून ठेवले असावेत?