पिकअपचे पायदान : चकाकी पाहू नका, वजन करून घ्या

कापड, फर्निचर, भाजीपाला, मासळी, भंगार, बांधकामाचे सामान : आपल्या बांधवांच्या बहुतेक धंद्यांत माल आज पिकअपनेच हलतो. गाडी घेताना इंजिन, हप्ता, माल किती बसेल, टायर किती चालतील याची दहा ठिकाणी चौकशी होते. दाराखाली बसवायची पायरी मात्र गाडी दारात आल्यावर, पेढे वाटून झाल्यावर, दुकानदार दाखवील ती बसवली जाते. गॅरेजवाले तिला साइड स्टेप म्हणतात. आम्ही या लेखात पायदान म्हणू, कारण पाय ठेवण्याची जागा एवढेच तिचे काम आहे आणि नेमके तेच खरेदीच्या वेळी विसरले जाते.

गावातल्या गावात फेऱ्या करणारा ड्रायव्हर दिवसातून तीस वेळा चढतो-उतरतो असे धरले, तरी तीनशे कामाच्या दिवसांत नऊ हजार वेळा होते. हमाल आणि मदतनीस यांची गणती वेगळीच. एकदा पाय घसरून घोटा मुरगळला की त्या माणसाची आठवड्याची मजुरी जाते आणि आपला माल गोदामात पडून राहतो. तेव्हा ही शोभेची वस्तू समजू नये. शिवणयंत्र किंवा कातर पारखून घेतो तसेच हे हत्यार पारखून घ्यावे.

पहिला प्रश्न हा की, चढणार कोण? तरुण ड्रायव्हर एकटाच असेल तर पायदान नसले तरी चालते, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पण याच गाडीतून आठवड्याला एकदा वयस्क वडील दवाखान्यात जात असतील, साडी किंवा बुरख्यातील घरच्या बायका लग्नकार्याला जात असतील, तर पायदान हवेच आणि तेही सपाट हवे. गोल पाइपवर पाय टेकतो, बसत नाही. पावसाळ्यात रबरी चप्पल ओली झाली की गोल पाइप साबणासारखा निसटतो. त्यावर चिकटवलेली रबराची पट्टी हातभर लांबीची असते आणि पाय नेमका तिच्या बाहेर पडतो. निदान चार-पाच इंच रुंद सपाट पट्टी, वर उठावाची नक्षी किंवा आरपार भोके, म्हणजे चिखल खाली गळून जाईल, अशी बनावट आम्हाला पसंत आहे. भोकांच्या कडा मात्र हाताने चाचपून पाहाव्यात. आपल्याकडील कित्येक हमाल अनवाणी काम करतात आणि करवतीसारखी कड त्यांचे पाय कापते.

उंचीसाठी टेप घेऊन स्वतः मापावे. जमिनीपासून केबिनच्या तळापर्यंतचे अंतर मोजा. पायदान साधारण त्याच्या मध्यावर आले की दोन्ही पावले सारखी पडतात. अगदी वर, दाराच्या कडेला चिकटलेले पायदान दिसायला ऐटबाज असते, पण त्याने चढण्याचे कष्ट कमी होत नाहीत. फार खाली आलेले पायदान गतिरोधकाला आणि शेताच्या बांधाला घासते. माप दोनदा घ्यावे, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. माल भरला की पाटे दबतात आणि गाडी खाली बसते. रिकाम्या गाडीवर घेतलेले माप भरल्यावर खोटे ठरते.

आता पाइपकडे वळू. आमचा जन्म कापडात गेला. गिऱ्हाईक रंगाला भुलते, व्यापारी पोत चाचपतो आणि वजन पाहतो. पाइपचेही तसेच आहे. बाजारात तीन इंची जाड पाइपचा रुबाब मोठा. पण जाडी ही बाहेरच्या गोलाईत नसते, पत्र्यात असते. दोन इंच व्यासाचा, दोन मिलिमीटर पत्र्याचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे २.४ किलो भरतो. तीन इंच व्यासाचा पण १.२ मिलिमीटर पत्र्याचा पाइप भरतो सुमारे २.२ किलो. म्हणजे दिसायला दीडपट, वजनाला कमी! तोच तीन इंची पाइप खरोखर दोन मिलिमीटरचा असेल तर मीटरला ३.६ किलोच्या वर जातो. हे आकडे साध्या लोखंडाचे आहेत. स्टेनलेस पोलाद त्याहून किंचितच जड असते. मोठ्या गोलाईचा पाइप सहजी वाकत नाही हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. पण पातळ पत्रा दगड लागला की चेपतो, ब्रॅकेटच्या जोडापाशी चिरतो आणि गंज त्यातून लवकर आरपार जातो. तेव्हा पायदान काट्यावर ठेवा, लांबीने भागा, वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. ब्रॅकेट आणि पट्ट्यांचे वजन वजा करायला मात्र विसरू नका. वजन करू न देणाऱ्या दुकानातून उठून यावे.

चकाकत्या स्टेनलेस पोलादाबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असे सांगितले जाते. ३०४ प्रतीचे पोलाद चांगले. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. चुंबक या दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही! फरक कळतो तो दोन पावसाळ्यांनंतर, चहाच्या रंगाचे डाग उठू लागले की. भंगाराच्या धंद्यातील मंडळी औषधाचा थेंब टाकून रंगावरून प्रत ओळखतात. ओळखीचे कोणी असेल तर त्यांना सोबत न्यावे. नसेल तर बिलावर प्रत लिहून मागावी. लिहून द्यायला हात आखडला की उत्तर मिळाले. मालेगाव-सोलापूरच्या कोरड्या हवेत २०२ बरीच वर्षे निभावते. रत्नागिरी, श्रीवर्धन, मुरूडच्या खाऱ्या वाऱ्यात आणि मासळीच्या पाण्यात निभावत नाही. तेथील बांधवांनी ३०४ किंवा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड घ्यावे. नुसत्या काळ्या पावडर कोटिंगवर विसंबू नये. खडी उडून त्याचा टवका गेला की आत गंज पसरतो आणि वरून काही दिसत नाही. पाइपच्या खालच्या बाजूस पाणी निथळायला भोक आहे का तेही पाहावे. दोन्ही टोके बुचाने बंद आणि खाली भोक नाही, अशा पाइपात शिरलेले पाणी वर्षभर आतून खात राहते.

यापेक्षाही मोठी गोष्ट ब्रॅकेटची. माणसाचा भार शेवटी पाइपवर नसतो, गाडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर असतो. पाइप चकचकीत आणि ब्रॅकेट रंग फासलेल्या पातळ पत्र्याचे, ही जोडी बाजारात सर्रास दिसते. हे म्हणजे अस्तर कुजके आणि वर जर! एका बाजूस दोन नव्हे, तीन ब्रॅकेट असावेत. खांद्यावर तागे घेतलेला हमाल सावकाश पाय टेकत नाही, तो भार एकदम टाकतो. एकदम टाकलेल्या भाराने लोखंडावर स्थिर भाराच्या दुपटीपर्यंत ताण येतो. शिवाय पायदान जितके बाहेर, तितका पिळा अधिक. यासाठी विकत घेण्यापूर्वी दुकानातील बसवलेल्या नमुन्याच्या मधोमध, अगदी बाहेरच्या कडेवर, एका पायावर उभे राहून पाहा. कड खाली वळली तर ते पायदान नको.

बसवताना पायदान चासीवर वेल्डिंग करून घेऊ नये, ही विनंती आम्ही ठासून करतो. आमच्या ओळखीतील एका गाडीला वेल्डरने अर्ध्या तासात, स्वस्तात, चासीलाच डाग देऊन पायदान जोडले. वर्षभरात त्या डागाजवळ चासीला तडा दिसला आणि कंपनीने वॉरंटी नाकारली. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचे पोलाद कमजोर होते आणि चासी म्हणजे गाडीचा कणा. नवी भोके पाडणेही टाळावे. बहुतेक पिकअपच्या चासीत कंपनीची भोके आधीच असतात. त्यांत बरोबर बसणारे, आपल्याच मॉडेलचे पायदान मागावे. बोलेरोचे ब्रॅकेट ठोकून योद्ध्याला बसवणारे कारागीर आहेत, पण त्यांच्या हुशारीचा मान दुरूनच राखावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा ठसा असावा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण ती त्याला माहीत नसते. आपल्या हमालाला केबिनमध्ये कमी आणि हौद्यावर जास्त चढावे लागते. ताडपत्री ओढायची, रस्सी आवळायची, वरचा तागा काढायचा. तो टायरवर पाय ठेवून चढतो आणि टायरचा चिखल घेऊन मालावर उतरतो. पांढऱ्या ग्रे कापडाची एक थप्पी डागाळली की पायदानाची किंमत त्यातच जाते. केबिनखालच्या लांबलचक पाइपवर पैसे घालण्याऐवजी मागच्या चाकाजवळ, हौद्याखाली दुमडणारी एक छोटी मजबूत पायरी बसवावी. मात्र रस्सीचे हूक अडणार नाहीत अशा जागी. कापडवाल्यांना हा खर्च आम्ही आधी सुचवू.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुढे लावायच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले होते, तेही याच कलमाच्या आधारे. म्हणून कंपनीच्या अधिकृत सामानातील, गाडीच्या अंगाबाहेर न डोकावणारे पायदान घेणे शहाणपणाचे, आणि त्याचे पक्के बिल गाडीच्या कागदांत ठेवावे. फिटनेसच्या वेळी ते दाखवता येते. विमा कंपनीलाही लेखी कळवून किंमत नोंदवून घ्यावी.

पायदानामुळे बाजूने बसणाऱ्या धडकेपासून बचाव होतो असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावे. तीन बोल्टवरचा पाइप ट्रक अडवत नाही. उलट, लांब पायदान असले की त्यावर उभे राहून, दाराला लटकून जाण्याची मदतनिसांना सवय लागते. गल्लीबोळात हे रोज दिसते. चालत्या गाडीच्या पायदानावर माणूस नेणे याच कायद्याच्या कलम १२३ ने मना आहे आणि जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. ड्रायव्हरला पहिल्या दिवशीच बजावून ठेवावे.

पायदान बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवा रंग दबून ते हमखास सैल होतात. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला पाना फिरवावा आणि ब्रॅकेटच्या जोडावर टॉर्च मारून चीर दिसते का ते पाहावे.